वाचकांचे प्रश्न : कॅसेटचा आवाज आणि चिपचे आकडे

या महिन्याच्या टपालात निम्म्याहून जास्त पत्रं एकाच विषयावर आहेत. जुना आवाज किंवा घरातलं गाणं डिजिटल करायचं आहे, त्यासाठी ॲनलॉग-टू-डिजिटल कन्व्हर्टरची, म्हणजे एडीसीची चिप कोणती घ्यावी? वागळे इस्टेटमध्ये ॲम्प्लिफायर बनवणाऱ्या एका कारखान्यात मी २६ वर्षं टेस्टिंगला होते, त्यामुळे हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे. नौपाड्याच्या पत्राला मोठं उत्तर दिलंय. त्यात इतरांच्याही बऱ्याच शंका सुटतील.

प्रश्न : ताई, माझे वडील नौपाड्यात घरीच हार्मोनियमच्या शिकवण्या घ्यायचे. १९८४ ते १९९३ या काळातल्या त्यांच्या गाण्याच्या आणि शिकवणीच्या ६० कॅसेट माझ्याकडे आहेत. सगळ्या साध्या, एका तासाच्या. रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरला एडीसी जोडून त्या मला स्वतः उतरवून घ्यायच्या आहेत. पीसीएम१८०८चं तयार मॉड्यूल स्वस्त मिळतं, पण त्याचा आकडा ९९ डेसिबल आहे. पीसीएम१८०४चा ११२, सीएस५३८१चा १२० आणि एके५५७२चा १२१. हे काम आयुष्यात एकदाच होणार, म्हणून सगळ्यात वरची चिप घ्यावी असं वाटतं. कोणती घेऊ? — एक वाचक, नौपाडा

उत्तर : पीसीएम१८०८ घ्या. का, ते सविस्तर सांगते, कारण वडिलांच्या आवाजाचा प्रश्न आहे आणि नुसत्या नावाने तुमचं समाधान होणार नाही.

हे डेसिबलचे आकडे सांगतात ते इतकंच की चिप पेलू शकेल असा सगळ्यात मोठा आवाज आणि चिपची स्वतःची खरखर यांच्यात अंतर किती. पीसीएम१८०८ला ५ व्होल्टचा सप्लाय दिला की ती टोकापासून टोकापर्यंत ३ व्होल्टचा सिग्नल घेते. मीटरच्या भाषेत १.०६ व्होल्ट आरएमएस. त्याच्या ९९ डेसिबल खाली म्हणजे साधारण ०.०१२ मिलिव्होल्ट. एवढीच तिची खरखर. आता कॅसेटकडे या. डेकच्या लाइन आउटला गाणं चालू असताना ०.४ व्होल्टच्या आसपास मिळतं असं धरा. साध्या कॅसेटचा हिस्स, म्हणजे टेपची सततची सळसळ, त्याच्या फार तर ५५ डेसिबल खाली असतो, म्हणजे ०.७ मिलिव्होल्ट. चिपच्या खरखरीच्या जवळजवळ साठपट. दोन्ही एकत्र केले तर एकूण हिस्स वाढतो डेसिबलच्या सुमारे एक हजारांशाने. १२१ डेसिबलची चिप लावलीत तर हा हजारांश वाचेल, आणि तो जगातल्या कुठल्याही कानाला कळणार नाही.

तो हजारांश मिळवायला द्यावं काय लागतं, तेही बघा. पीसीएम१८०४, सीएस५३८१ आणि एके५५७२ या तिन्ही चिपना डिफरन्शियल इनपुट लागतो, म्हणजे एकच सिग्नल सुलटा आणि उलटा असा दोन तारांवर. डेकमधून तर एकच तार येते. मग मध्ये ऑप-ॲम्पचं, म्हणजे सिग्नल उलटवून देणाऱ्या चिपचं, सर्किट, त्याला वेगळा सप्लाय, मोजून जुळवलेले रेझिस्टर. त्यात एक जोड कच्चा राहिला की ११२ आणि १२१ दोन्ही कागदावरच राहतात. एके५५७२चं पॅकेज तर असं आहे की जोडायची जागा चिपच्या पोटाखाली येते. साध्या सोल्डरिंग आयर्नने ती घरी बसवायची म्हणजे डोळ्यांत तेल घालून बसायचं, आणि तरी भरवसा नाही. पीसीएम१८०८ला १४ पाय, सिग्नल एकाच तारेचा, आणि सेटिंगसाठी प्रोग्रॅम लिहावा लागत नाही. पाय ३.३ व्होल्टला बांधा किंवा ग्राउंडला, झालं.

पण त्या पायांतच बहुतेकांची चूक होते. रास्पबेरी पायच्या पिनांवर बिटचं क्लॉक, म्हणजे ताल देणारं घड्याळ, आणि डाव्या-उजव्याचं क्लॉक मिळतं, चिपला हवं असलेलं मास्टर क्लॉक सरळ मिळत नाही. म्हणून घड्याळ चिपकडेच द्या. मॉड्यूलच्या एससीकेआय पिनवर १२.२८८ मेगाहर्ट्झचा तयार ऑसिलेटर लावा आणि एमडी० आणि एमडी१ हे दोन्ही पाय ३.३ व्होल्टला बांधा. मग चिप मास्टर होते. १२.२८८ला २५६ने भागलं की बरोबर ४८ किलोहर्ट्झ, आणि रास्पबेरी तिच्या तालावर चालते. एफएमटीचा पाय ग्राउंडला बांधा, म्हणजे आयटूएस, आवाजाचा डेटा पाठवायची ठरलेली पद्धत, मिळेल. रास्पबेरीच्या बाजूला जीपीआयओ पिन १८वर बिट क्लॉक, १९वर डाव्या-उजव्याचं, २०वर डेटा. चिपचा डिजिटल भाग ३.३ व्होल्टवर चालतो, त्यामुळे तारा थेट जोडल्या तरी रास्पबेरीला धोका नाही.

चिपचा ५ व्होल्टचा सप्लाय मात्र रास्पबेरीच्या पिनेवरून घेऊ नका. त्या ५ व्होल्टवर प्रोसेसरची सगळी धावपळ उमटलेली असते आणि हळू आलापाच्या मागे ती चिरचिर ऐकू येते. एक छोटा ९ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर, ब्रिज, कॅपॅसिटर आणि ५ व्होल्ट स्थिर ठेवणारी ७८०५ पुरे. चिपच्या सप्लायच्या पायाशी आणि व्हीरेफच्या पायाशी, अगदी खेटून, ०.१ आणि १० मायक्रोफॅरड. स्वस्त मॉड्यूलवर हे कॅपॅसिटर कधी कधी लांब असतात. मी तर मागच्या बाजूने थेट पायांवर सोल्डर करते.

इतकं झालं की चिपचा विषय संपवा, आणि उरलेला पैसा आणि वेळ डेकवर घाला. कारण तुमच्या वडिलांचा आवाज हरवण्याची जागा चिपमध्ये नाही, डेकमध्ये आहे.

आधी हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. कापसाच्या काडीला तपकिरी रंग लागायचा थांबेपर्यंत पुसत राहा. मग हेडच्या बाजूचा अझिमथचा, म्हणजे हेडचा कल बदलायचा, स्क्रू. ज्या टेपरेकॉर्डरवर त्या कॅसेट भरल्या त्याचं हेड जर किंचित तिरकं असेल, तर तुमच्या सरळ हेडवर वरचे सूर गायब होतात. पेटीच्या सुराला मागून येणारी धार आणि वडिलांच्या ‘स’, ‘श’ची कड त्यातच जाते. डावा-उजवा मिसळून मोनो करून ऐका आणि स्क्रू केसभर फिरवत राहा, जिथे ‘श’ सगळ्यात स्पष्ट तिथे थांबा. प्रत्येक कॅसेटला पुन्हा. यात जो फरक पडेल तो दहा-दहा डेसिबलचा असू शकतो, हजारांशाचा नाही! डेकवर डॉल्बीचं, म्हणजे हिस्स दाबायचं, बटण असेल तर बंद ठेवा. साध्या घरगुती रेकॉर्डरवर भरलेल्या कॅसेटला ते बहुधा लागलेलं नसतं, आणि चालू राहिलं तर वरचे सूर आणखी दाबले जातात.

मग वेग. जुन्या डेकचा पट्टा सैल पडलेला असतो, किंवा कोणीतरी मोटरचा स्क्रू फिरवून ठेवलेला असतो. डेक ६ टक्के जोरात पळाला तर काळी एकचं गाणं पांढरी दोनमध्ये ऐकू येतं. वडिलांची पट्टी तुम्हाला ठाऊक असेलच. त्यांची पेटी अजून घरात असेल तर याहून चांगलं मोजमाप कुठे मिळणार नाही. काळी एकचा मधला सा साधारण २७७ हर्ट्झचा असतो. आधी ती पेटी फोनवरच्या ट्यूनरसमोर वाजवून तिचा स्वतःचा सा किती आहे ते लिहून ठेवा, आणि मग कॅसेटमधल्या पेटीचा सा त्याच्याशी जुळवा. काही जण टेपवर उतरलेल्या विजेच्या ५० हर्ट्झच्या गुणगुणीवरून वेग लावतात. आपल्याकडे ते करू नका, त्या काळी ग्रिडची फ्रिक्वेन्सीच बरीच खालीवर व्हायची. पेटीवर विश्वास ठेवा.

ठाण्याच्या तीस-चाळीस पावसाळ्यांनंतर टेपच्या कडेला पांढरी बुरशी दिसली तर ती कॅसेट तशीच लावू नका, एक बुरशीची कॅसेट हेडला आणि पुढच्या दहा कॅसेटना लागते. आवाज एकदम दबलेला आला तर टेपच्या मागच्या पट्टीवरचा फेल्टचा छोटा तुकडा गळून पडलाय का ते पाहा. स्क्रूच्या रिकाम्या कॅसेटमध्ये टेप बदलली की काम होतं. पहिल्याच फेरीत नीट उतरवा, कारण सुकलेल्या टेपला दुसरी फेरी मिळेलच असं नाही.

रेकॉर्डिंग ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. तासाला एक जीबीच्या थोडं वर, म्हणजे ६० कॅसेटचे सुमारे ६२ जीबी. फ्लॅक, म्हणजे आवाज न बिघडवता लहान केलेली फाइल, केलं की साधारण निम्मं. दोन वेगवेगळ्या डिस्कवर ठेवा, आणि त्यातली एक भावंडाच्या घरी असू द्या.

प्रश्न : मॅडम, मी डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तबल्याचा रियाज रेकॉर्ड करायला मी एडीएस१११५ वापरलं, कारण ते १६ बिटचं आहे आणि सीडीही १६ बिटचीच असते. पण आवाज भलताच येतोय, तबला ओळखूच येत नाही. प्रोग्रॅम दहा वेळा तपासला. — एक विद्यार्थी, ऐरोली

उत्तर : तुझा प्रोग्रॅम बरोबर असणार. बिट हे अर्धंच मोजमाप आहे. प्रत्येक नमुना किती बारकाईने मोजला ते बिट सांगतात, आणि सेकंदाला किती नमुने घेतले ते वेगळं. सीडीवर ४४,१०० असतात. एडीएस१११५ जास्तीत जास्त ८६० देते. ती तापमान, बॅटरीचं व्होल्टेज असल्या हळू बदलणाऱ्या गोष्टींसाठी बनवलेली आहे आणि तिथे फार छान काम करते. वजनकाट्यात वापरतात ती एचएक्स७११ तर २४ बिटची आहे, पण सेकंदाला १० किंवा ८० नमुने!

८६० नमुन्यांत ४३० हर्ट्झपर्यंतचाच आवाज खरा उतरतो. त्यावरचा नुसता गळून गेला असता तर तबला दबलेला वाटला असता. पण तो गळत नाही, दुमडून खाली येतो. समजा तुझ्या दायाँमध्ये ५५४ हर्ट्झचा सूर आहे. ८६० वजा ५५४, म्हणजे तो ३०६ वर ऐकू येतो. जो सूर वाजलाच नाही तो. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२० मध्ये दाखवलं होतं की पुडीवरच्या काळ्या शाईमुळे तबल्याचे वरचे सूर मूळ सुराच्या पटीत बसतात आणि म्हणून तबला ‘सुरात’ लागतो. तुझ्या चिपने ते सगळे सूर घड्या घालून खाली आणले आणि ती पट मोडली. म्हणून तबला तुला ओळखू येत नाही. तुझा कान चांगला आहे, तबला ओळखू येत नाही हे त्याने बरोबर पकडलं.

तुला वेगळी एडीसीची चिपच नको आहे. ईएसपी३२ हा छोटा कंट्रोलर बोर्ड आणि आयएनएमपी४४१ हा माइक घे. माइकच्या आतच एडीसी आहे आणि तो थेट आयटूएस बोलतो. ६१ डेसिबलचा आहे, रियाजाला पुरेसा. तबल्यापासून तीन फूट तरी लांब ठेव, जवळ नेलास तर ‘धा’च्या थापेला तो फाटेल. ईएसपी३२ची स्वतःची एडीसी आवाजासाठी वापरू नकोस. आणि रेकॉर्डिंग झालं की पुन्हा लिही, मला ऐकायला आवडेल.

प्रश्न : टर्नटेबल थेट पीसीएम१८०८ला जोडलं तर आवाज अगदी बारीक आणि कर्कश येतो. १९२ किलोहर्ट्झची चिप घेतली तर सुधारेल का? — एक वाचक, खारघर

उत्तर : नाही. मूव्हिंग मॅग्नेट सुईतून ५ मिलिव्होल्टच्या आसपास मिळतात, म्हणजे तुमच्या चिपच्या मर्यादेच्या ४६ डेसिबल खाली. आणि तबकडीवर खालचे सूर मुद्दाम दाबून, वरचे चढवून कोरलेले असतात. ते उलटवायला आरआयएएचा फोनो प्रीॲम्प लागतो, सुईला ४७ किलोओहमचा भारही त्यातच मिळतो. तो मध्ये घाला, चिप आहे तीच ठेवा. ४८ किलोहर्ट्झमध्ये कानाला ऐकू येणारं सगळं मावतं.

हीच चिप पुढे सीडी प्लेअरला जोडणार असाल तर एक सांगून ठेवते. प्लेअर २ व्होल्ट देतो आणि चिप १.०६च्या वर कापते. १० किलोओहम सिरीजमध्ये आणि ४.७ किलोओहम ग्राउंडला लावलात की चिपला ०.६ व्होल्टच्या आसपास मिळतील.

प्रश्न : चिप ऑनलाइन मागवावी की लॅमिंग्टन रोडवरून आणावी? नकली माल ओळखायचा कसा? — एक वाचक, वाशी

उत्तर : मला दुकानात जाऊन घ्यायला आवडतं. ठाण्याहून फास्ट लोकलने दादर, तिथून वेस्टर्नची स्लो पकडून ग्रँट रोड, हा माझा चाळीस वर्षांचा रस्ता आहे. तिथे रेझिस्टर, कॅपॅसिटर, ऑसिलेटर, शील्डेड वायर, आरसीए सॉकेट सगळं एका फेरीत हातात येतं, आणि वायरची जाळी दाट आहे की विरळ ते सोलून बघता येतं. मॉड्यूल मात्र मी दोनदा फसले आहे, एकदा दुकानात आणि एकदा घरपोच. नाव तेच छापलेलं, आतली चिप दुसरीच.

परीक्षा सोपी आहे. दोन्ही इनपुट ग्राउंडला शॉर्ट करा आणि एक मिनिट रेकॉर्ड करून ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये पातळी बघा. खरी पीसीएम१८०८ चांगल्या सप्लायवर उणे ९५च्या खाली जाते. उणे ८०ला अडकली तर आधी सप्लाय बदलून पाहा, कारण दहातल्या आठ वेळा दोष तिथेच निघतो. ४ रिचार्जेबल पेन्सिल सेल जोडून साधारण ४.८ व्होल्ट मिळतात आणि चिपचा ॲनलॉग भाग ४.५ ते ५.५वर चालतो. सेल नुकते चार्ज केले असतील तर मीटरने मोजून मगच जोडा. बॅटरीवरही उणे ८०च राहिली, तर चिपवर संशय घ्या.

एके५५७२सारख्या एकेच्या चिप स्वस्तात दिसल्या तर जरा थांबा. ऑक्टोबर २०२० मध्ये जपानमधल्या नोबेओका इथे त्या बनवणाऱ्या कारखान्याला मोठी आग लागली होती. त्यानंतर बराच काळ या चिप मिळेनाशा झाल्या आणि नकली माल विकणाऱ्यांचं फावलं.

प्रश्न : ताई, आईच्या जुन्या भजनांच्या कॅसेट लॅपटॉपवर घेतेय. डेक, एडीसी, लॅपटॉप सगळं जोडलं की मागे सतत गुणगुण. डेकच्या पत्र्याला हात लावून बघितला, फरक पडत नाही. एडीसी बदलू का? — एक वाचक, कळवा

उत्तर : थांबा, काही बदलू नका. तुम्ही हात लावून बघितलंत हे फार बरं केलंत. हाताने गुणगुण कमी झाली असती तर कुठेतरी शील्डची तार सुटलेली असती. फरक नाही, म्हणजे बहुधा ग्राउंड दोन वाटांनी फिरतोय. डेकच्या अर्थमधून एक आणि लॅपटॉपच्या चार्जरमधून दुसरी. चार्जर काढा आणि लॅपटॉप बॅटरीवर चालवून ऐका. गेली तर तेच कारण. रेकॉर्डिंगपुरता चार्जर काढून ठेवा. नाहीतर डेक आणि एडीसीच्या मध्ये १:१चा ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घाला. प्लगची अर्थची पिन कापायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. गुणगुण जाईल, पण डेकमध्ये काही बिघडलं तर त्याच्या पत्र्यात २३० व्होल्ट उतरतील.

चार्जर काढूनही राहिली तर रेकॉर्डिंगचा स्पेक्ट्रम बघा. ५० हर्ट्झला उंच खांब दिसला तर जवळ कुठलातरी ट्रान्सफॉर्मर आहे, वायर त्याच्यापासून दूर आणि आडवी न्या. १०० हर्ट्झला दिसला तर तुमच्या सप्लायचा फिल्टर कॅपॅसिटर सुकलाय.

हे मी पोटतिडकीने सांगतेय, त्याला कारण आहे. २०११ मध्ये पाचपाखाडीच्या आमच्या घरी मी सासूबाईंच्या जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड केल्या. चाळीस मिनिटं त्या न थांबता म्हणत होत्या. मी मीटरच्या सुईकडे बघत होते, आवाज फाटू नये म्हणून. कान लावून शांतता ऐकली नाही. लॅपटॉपचा चार्जर लावलेलाच होता. नंतर ऐकलं तर प्रत्येक ओवीखाली घरघर. ५०चा खांब काढता आला, पण १००, १५०, २०० त्यांच्या खालच्या स्वरांत मिसळले होते. ते काढले की त्यांचा आवाजही जात होता. ‘पुन्हा म्हणते की,’ असं त्या म्हणाल्या होत्या. पुढच्या उन्हाळ्यात त्या गेल्या.

म्हणून कॅसेट लावण्याआधी डेक चालू ठेवा, कॅसेट घालू नका, पंखा आणि फ्रिज बंद करा, आणि अर्धा मिनिट नुसतं रेकॉर्ड करा. ते अर्धं मिनिट आवाज पूर्ण वाढवून हेडफोनवर ऐका. त्यात काही ऐकू आलं नाही, की मगच आईंची पहिली कॅसेट लावा.